नमुन्यातले औषध कोणाचे?

मागील पावसाळ्यात पेडण्याकडून माझ्याकडे येणाऱ्या एका आईने विचारले, "डॉक्टर, आमच्या विहिरीच्या पाण्यात औषधांचे अंश असतात म्हणतात. मुलाचे रक्त तपासले तर कळेल?" मुलगा सहा वर्षांचा, सुदृढ. घर तुयेच्या औद्योगिक वसाहतीपासून फार दूर नाही. "काही होत नाही" असे सांगून तिची बोळवण करणे सोपे होते. परंतु प्रश्न रास्त होता, आणि उत्तर देण्यापूर्वी मला माझेच केसपेपर उघडावे लागले.

असे अंश सापडू शकतात, याविषयी आता शंका उरलेली नाही. लिक्विड क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोड देऊन आजची यंत्रे लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके द्रव्यही ओळखतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५० कोटी लिटर पाण्यात विरघळवली, तर लिटरमागे १ नॅनोग्रॅम भरते. तेव्हा "सापडले" या शब्दाचे वजन मात्रेवरून ठरते.

आपल्या परिचयाच्या कार्बामॅझेपिनचेच उदाहरण घेऊ. शरीराबाहेर पडल्यावरही ते सहजी नष्ट होत नाही. इस्रायलमधील संशोधकांनी २०१६ साली ३४ निरोगी प्रौढांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला पहिल्या आठवड्यात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पिकवलेल्या भाज्या दिल्या, दुसऱ्याला गोड्या पाण्यावरच्या. पुढील आठवड्यात अदलाबदल. सांडपाण्यावरच्या भाज्या खाणाऱ्यांच्या मूत्रात कार्बामॅझेपिन मोजण्याइतके आढळले. ही पातळी औषध घेणाऱ्या रुग्णांच्या पातळीहून सुमारे दहा हजार पटींनी कमी होती. मला भावली ती प्रयोगाची रचना: ज्याची त्याच्याशीच तुलना.

मुलांच्या बाबतीत एवढी स्पष्टता मिळणे कठीण. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील अभ्यासात शांघाय व शेजारच्या दोन प्रांतांतील १,०६४ शाळकरी मुलांच्या मूत्रात १८ प्रतिजैविके शोधली गेली. ५८.३ टक्के नमुन्यांत किमान एक सापडले, आणि त्यांत जनावरांसाठी वापरली जाणारी औषधेही होती. मग ते आले कोठून? पाण्यातून, मांसातून, की डॉक्टरच्या चिठ्ठीतून?

येथेच माझा केसपेपर आडवा आला. तीन आठवड्यांपूर्वी याच मुलाला मी ॲझिथ्रोमायसिन लिहून दिले होते. (ताप तसा विषाणूजन्यच असावा, पण शनिवारची संध्याकाळ होती.) हे औषध पेशींत साठते, त्याचा अर्धायुकाल सुमारे ६८ तासांचा, आणि ते रेंगाळत बाहेर पडते. नमुन्यात ते आढळले असते, तर दोष विहिरीचा की माझा? आजी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे मलम चोळते. त्याच हाताने तिने लघवीची बाटली धरली, तरी नमुना बाटला. कोंबड्यांना देण्यात येणारे एन्रोफ्लॉक्सासिन शरीरात अंशतः सिप्रोफ्लॉक्सासिन होते. यंत्र नाव सांगते, वाट सांगत नाही.

या विषयावरील प्रत्येक भाषणात हैदराबादजवळील पाटनचेरू येतेच. सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तातील उपचारमात्रेहून ही पातळी अधिक. मात्र तेथे मूळ द्रव्ये तयार होतात. गोव्यात भर आहे तो गोळ्या-कॅप्सूल बनवण्यावर. तो आकडा जसाच्या तसा पेडणे-डिचोलीला चिकटवणे मला अप्रामाणिक वाटते. म्हणून कारखान्यांना मोकळे सोडावे असेही नाही: गोळ्यांची यंत्रे धुतलेले पाणी कोठे जाते, हे विचारलेच पाहिजे. इतक्या अल्प मात्रेत विषबाधेपेक्षा मला अधिक धास्ती वाटते ती पाण्यातील जंतू औषधांना सरावण्याची.

आईला मी विचारले, "घराचे सोकपिट विहिरीपासून किती दूर?" "दहा-बारा पावले असेल," ती म्हणाली. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. सच्छिद्र जांभ्यातून सोकपिटचे पाणी विहिरीकडे पाझरायला दहा पावले फार नव्हेत.

एकट्या मुलाचे रक्त काढण्यास मी नकार दिला. आधी पाणी तपासावे, तेही मे महिन्यात, विहिरी आटल्यावर. पावसाच्या पाण्यात सारेच विरळ होते. पुढे मुलांची तपासणी करायचीच झाली, तर गावातील तीस-चाळीस मुले, तितकीच डिचोलीतील नळाचे पाणी पिणाऱ्या गावातली, सकाळची लघवी, सोबत नेऊन परत आणलेली शुद्ध पाण्याची एक बाटली, आणि प्रत्येक घरात चार आठवड्यांची औषधांची वही. फार्मसीतून परस्पर आणलेली गोळीही तीत यावी. आपल्या संस्थेतील दहा-बारा सभासदांनी मनावर घेतले, तर नमुने गोळा करण्याचे हे काम एका उन्हाळ्यात होण्याजोगे आहे.

"मग वही आजपासूनच लिहू?" तिने विचारले. टेबलावरची एक कोरी वही मी तिला दिली. पहिली नोंद माझ्याच हाताने केली: ॲझिथ्रोमायसिन, तारीख, मात्रा, आणि लिहून देणाऱ्याचे नाव.