विहिरीवरची पेटी आणि एमसीबीचा भरवसा

शिरूर कासार तालुक्यात सिंदफणेच्या काठी असो की दूर माळावर, विहीर आली की मोटारीची पेटी आलीच. पेटीत एमसीबी बसवला म्हणजे माणसाला धोका उरला नाही, असं बरेच शेतकरी धरून चालतात. हा समज जीवघेणा आहे.

५ एचपीची तीन फेजची मोटार चालताना साधारण ७-८ अँपिअर ओढते. पेटीतला एमसीबी समजा २० अँपिअरचा. त्याचं काम तारा जळू न देणं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीला जपतो. माणसाच्या छातीतून मात्र ३० मिलिअँपिअरहून थोडा जास्त प्रवाह गेला तरी हृदय बंद पडू शकतं. एवढीशी गळती एमसीबीला कळतच नाही. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली, तर तारांचंही संरक्षण गेलं.

‘पण अर्थिंग केलंय की!’ अर्थिंग हवंच. पण मे महिन्यात मुरमाड रानातला खड्डा कोरडा पडून त्याचा रोध २० ओहम झाला असेल, तर लोखंडी पेटीला फेज चिकटल्यावर २३० भागिले २०, म्हणजे जेमतेम ११.५ अँपिअर जमिनीत जातील. एमसीबी पडणार नाही आणि पेटीत करंट तसाच राहील. दारं धरताना ओल्या पायांनी आलेला माणूस याच पेटीला हात लावतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहायचं.

गळती ओळखतो तो आरसीसीबी. त्याच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. तो एमसीबीच्या जोडीनं बसवायचा, त्याच्याऐवजी नाही. सारखा पडतो म्हणून काहीजण तो काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष केबलच्या ओल्या जॉइंटचा किंवा मोटारीत शिरलेल्या पाण्याचा असतो. तो शोधून काढायलाच हवा.

‘लाइट गेलीय, आता हात घालायला हरकत नाही’ हेही खरं नाही. लाइट कधीही येते, आणि ऑटो स्विच असेल तर मोटार आपोआप सुरू होते. आधी मेन स्विच पाडा.

सोलर पंपाला करंट लागत नाही, हा नवा गैरसमज. ओळीनं जोडलेल्या पॅनेलचा दाब शेकडो व्होल्ट होतो. कंट्रोलर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच.