शेवटची बोट किती वाजता?

आज कर्ज, हप्ता, व्याज यांतलं काहीच बोलायचं नाही. आज बोटीतून फिरायला जायचं बोलू. एजंटाशिवाय, घरातला पुरुष बरोबर नसताना, आपल्या गटातल्या दहा-बारा जणींनी.

आपल्या वसई-विरारच्या बाया प्रवासाला घाबरतात असं कुणी म्हणू नये. पहाटेच्या गाडीने फुलं आणि भाजी घेऊन दादर गाठणाऱ्या बाया इथल्याच. अडतं ते दुसरीकडे. "काम नसताना कशाला जायचं?" हा प्रश्न घरातून येतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याच मनातूनही येतो. मग कधीतरी सहल ठरते ती एजंटाची. तो सांगेल तिथे उतरायचं, तो म्हणेल त्या दुकानात जायचं, आणि पैसे मोजून वर घाई करून घ्यायची.

वसईत कितीतरी घरांतले मुलगे, जावई जहाजावर नोकरीला असतात. मोठ्या प्रवासी जहाजावर कुणी असेल तर त्याला विचारा, युरोपात लोक बंदरं कशी बघतात. उत्तरेकडे बाल्टिक नावाचा समुद्र आहे. तिथे जहाज सकाळी एका शहराला लागतं, संध्याकाळी सुटतं. जहाजाची कंपनी स्वतःच्या बसची महाग सहल विकते. पण बरेच प्रवासी ती घेत नाहीत, आपले आपण उतरून फिरतात. टॅलिन शहराचा जुना भाग धक्क्यापासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. हेलसिंकीला धक्क्यालगत बाजार भरतो आणि तिथूनच शहराच्या साध्या तिकिटावर बोटीने सुओमेनलिना या समुद्रातल्या किल्ल्यावर जाता येतं. पण बर्लिन बघायचं तर जहाज वार्नेम्युंडे बंदराला लागतं आणि तिथून पुढे जायलाच तीनेक तास जातात. शिवाय एक नियम पक्का. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यासाठी थांबत नाही.

आपल्याला बाल्टिकला जायचं नाही. पण यातले दोन प्रश्न आपल्याही कामाचे आहेत. धक्क्यापासून गाव किती लांब? आणि परतीची शेवटची बोट किती वाजता?

सुरुवात घराजवळून करा. आपली वसई हेच मुळात बंदर. सोपारा तर त्याहून जुनं, तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला आहे. वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला. त्याच किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरला रो-रो बोट जाते. रो-रो म्हणजे माणसांबरोबर गाड्याही घेऊन जाणारी बोट. रस्त्याने जवळजवळ चाळीस किलोमीटरचा वळसा, तो खाडीतून पंधरा-वीस मिनिटांत संपतो. विरारकडच्या बायांना मारंबळपाड्याहून जलसारला जाणारी बोट २०२५ पासून मिळाली आहे. पहिली सहल एवढीच ठेवा. कुणाला बोट लागते, कुणाला धक्क्यावरून बोटीत पाय टाकायची भीती वाटते, कोण ऐन वेळी मागे रेंगाळते, हे सगळं त्यात कळतं.

दुसरी सहल घारापुरीची. गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराचा प्रवास. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीला हे आधी सांगा, म्हणजे तिला घाई होणार नाही. वर सुमारे २० फूट उंचीची तीन मुखांची शिवमूर्ती आहे. ती बघायला वेळ हवा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. सोमवार शंकराचा वार म्हणून तुम्ही तोच निवडाल, आणि लेणी नेमकी सोमवारीच बंद असतात! लेण्यांचं तिकीट वेगळं, बेटावरच्या ग्रामपंचायतीचा कर वेगळा, दोन्हींसाठी सुटे पैसे ठेवा.

तिसरी सहल मांडवा-अलिबागची. गेटवेहून साध्या बोटी आणि भाऊच्या धक्क्याहून मोठी रो-रो मांडव्याला जाते. साध्या बोटी पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. मांडवा म्हणजे अलिबाग नव्हे, अलिबाग तिथून वीसेक किलोमीटर पुढे आहे. म्हणून तिकीट काढतानाच विचारा, पुढची बस यात धरली आहे का?

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली. आपल्या अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळणींना याचा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, ती साधारण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार म्हणजे साडेचार. साडेचारला भरती, म्हणून ओहोटी साडेदहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर भर दुपारी पाणी चढलेलं असणार. हा अंदाज झाला. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका, आणि किल्ल्यात बसून वेळ विसरू नका.

आता वेळेचा हिशोब. तो नेहमी उलटा करायचा. धक्क्यावर उतरलं की आधी तिकीट खिडकीवर विचारायचं, शेवटची बोट किती वाजता? समजा उत्तर आलं साडेपाच. मग आपली बोट साडेचारची. धक्क्यावर चारला, बाजारातून साडेतीनला निघायचं. शेवटची बोट ही अडीअडचणीसाठी राखून ठेवायची, घरात औषधाला चार पैसे ठेवतो तशी. तरीही चुकलीच, तर अलिबागहून पनवेलला एसटी आहे आणि पनवेलहून वसईला गाडी. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. ही दुसरी वाट निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या.

एक जण पुढे, एक मागे, आणि चढता-उतरताना मोजणी. प्रत्येकीच्या जवळ दोन फोन नंबरांची चिठ्ठी, कारण मोबाईलची बॅटरी उतरते. पैसे दोन ठिकाणी. बोट लागणारीने मधल्या भागात बसावं, लांब क्षितिजाकडे बघावं, उपाशीपोटी निघू नये, आलेपाक जवळ ठेवावा. बोटीवर चढण्याआधी सगळ्यांनी शौचालयाला जाऊन यावं, यात लाजायचं काही नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं दगावली. म्हणून बसल्या बसल्या लाईफ जॅकेट अंगात घाला, पट्टे बांधा. साडीवरून बरं दिसत नाही, ही सबब चालणार नाही. बोट गच्च भरलेली दिसली तर चढू नका. दहा जणींनी "आम्ही पुढच्या बोटीने येतो" म्हटलं की कुणी ओढून नेत नाही.

आणि खर्च? गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, सहलीसाठी अंतर्गत कर्जही नाही. वेगळा डबा करा, महिन्याला जमेल तेवढं टाका, हिशोब वहीत वेगळ्या पानावर ठेवा. ज्या मैत्रिणीला एखादा महिना जमणार नाही, तिला वगळू नका, तिने डबे करून आणावेत. अशी वाटणी आपण लग्नकार्यात करतोच.

पुढच्या बैठकीत शेवटची दहा मिनिटं यासाठी ठेवा. तारीख ठरवताना पंचांग उघडा, आणि मोजणीचं काम अशा मैत्रिणीला द्या जी बैठकीत कधीच बोलत नाही.