घरपोच चांदीची पारख

गेल्या जून महिन्यात आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत एक सभासद आला आणि त्याने टेबलावर एक लखलखीत लगड ठेवली. वजन शंभर ग्रॅम, अंगावर ‘999’ असा ठसा आणि सोबत गुळगुळीत कागदाचे प्रमाणपत्र. दिवाळीच्या बोनसमधून त्याने ती मोबाईलवरून मागवली होती. बाजारभावापेक्षा ती बरीच स्वस्त पडली म्हणून त्याला आनंद झाला होता. लक्ष्मीपूजनाला ती पूजेत ठेवली आणि मग कपाटात गेली. मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा तो ती मोडायला सराफाकडे घेऊन गेला. सराफाने लगड हातात फिरवली आणि परत केली. आमच्यापुढे बसून तो एवढेच म्हणत होता, “पण दादा, कागदावर तर शिक्का आहे!”

हा शिक्क्यावरचा विश्वास आपल्या सर्वांच्याच अंगी आहे. म्हणून शिक्का म्हणजे काय ते आधी पाहू. व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात 91.7 टक्के चांदी होती. 1940 साली सरकारने रुपयातील चांदी 50 टक्क्यांवर आणली. 1947 साली निकेलचा रुपया आला. नाव रुपयाचेच राहिले, चांदी मात्र गेली. तात्पर्य, ठसा हे ठसा मारणाराचे विधान असते. विधान खरेही असेल. परंतु ते तपासण्याचे साधन आपल्याजवळ हवे.

कामगार चळवळीला ही गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमधील खाणकामगारांना उपसलेल्या कोळशाच्या वजनावर मजुरी मिळे आणि वजन करणारा माणूस मालकाचा असे. 1860 च्या कायद्याने कामगारांना स्वतःच्या खर्चाने आपला काटेवाला नेमण्याचा हक्क मिळाला. प्रत्येक मालक लबाड असतो असे त्या हक्काचे म्हणणे नव्हते. ज्याचा लाभ, त्याच्या एकट्याच्या काट्यावर हिशेब होऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. घरबसल्या चांदी घेणाऱ्यानेही आपला काटेवाला आपणच व्हावे, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

2025 या एका वर्षात चांदीचा भाव दुपटीहून अधिक वाढला. साहजिकच ज्यांनी कधी लगड पाहिली नव्हती तेही ती मागवू लागले. अशा वेळी पहिली पारख पैसे देण्यापूर्वीच करावी लागते. त्या दिवसाच्या भावाने शंभर ग्रॅमचे किती होतात ते काढावे. त्यावर घडणावळ, पाठवणी आणि 3 टक्के वस्तू व सेवा कर धरावा. एवढा खर्च चढल्यावर कोणताही प्रामाणिक व्यापारी भावाच्या खाली चांदी विकू शकत नाही. विकत असेल तर तो धर्मादाय तरी करीत असेल किंवा ती चांदी तरी नसेल. विकणाऱ्याचे नाव, पत्ता, परतीची मुदत आणि पाकीट फोडल्यावर माल परत घेतात की नाही, हेही आधीच वाचावे. बंद पाकिटातील लगड पाण्यात तोलता येत नाही आणि फोडली की काही विक्रेते हात वर करतात. जेथे ही अट असेल तेथे घेऊच नये, हे उत्तम.

पार्सल आले की त्याचे वजन करण्यापासून ते उघडून लगड बाहेर काढीपर्यंत मोबाईलवर अखंड चित्रण करावे. मग त्याच दिवशी तपासणी करावी, दुसऱ्या दिवशीवर टाकू नये.

मुख्य तपासणी पाण्याची. चांदी पाण्याच्या 10.49 पट जड असते. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. प्रथम लगडीचे कोरडे वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. लगड बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. मात्र ती भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि अंगावर बुडबुडे राहू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवील तेवढे ग्रॅम पाणी लगडीने बाजूला सारले. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागावे. शंभर ग्रॅम चोख चांदी असेल तर काटा सुमारे 9.5 दाखवतो. तांबे असेल तर सुमारे 11.2 आणि शिसे असेल तर 8.8. दहा ग्रॅमच्या नाण्याला मात्र शतांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

तथापि एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. शिसे चांदीहून जड आणि कथील हलके. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर पाण्याचा काटा फसतो. म्हणून दुसरा साक्षीदार उष्णतेचा. सर्व धातूंत चांदी उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते. शिसे तिच्या सुमारे बाराव्या हिश्शाने. लगडीवर बर्फाचा खडा ठेवला तर तो लगेच वितळू लागतो. शिशाच्या मिश्रणावर त्याला बराच जास्त वेळ लागतो. तांबेही बर्फ झपाट्याने वितळवते, पण ते पाण्याच्या काट्यावर सापडते. जो एकाला चुकवतो त्याला दुसरा धरतो. तिसरा साक्षीदार लोहचुंबक. चांदीला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे. चिकटला नाही म्हणून मात्र ती चांदी ठरत नाही, कारण तांबे आणि शिसे यांनाही तो चिकटत नाही. नायट्रिक आम्लाच्या नादी घरी लागू नये. हात आणि डोळे चांदीहून महाग आहेत.

घरच्या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. 999 आणि 925 या कसांमधील फरक तिच्यात भरवशाने कळत नाही. त्यासाठी टंच काढणाऱ्याकडे जावे. तेथील क्ष-किरण यंत्र लगडीला न दुखावता कस दाखवते, पण ते पृष्ठभागच वाचते. वर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते फसू शकते. म्हणून पाण्याचा काटा आणि यंत्र ही एकमेकांना पूरक आहेत. लगड मोठी असेल आणि शंका उरली असेल तर वितळवून कस काढणे हाच शेवटचा उपाय. आपल्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले हाच धंदा घेऊन देशभर पसरले. आगीपुढे शिक्का टिकत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दागिने आणि भांडी यांच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कला सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक जोडला. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपवर तो क्रमांक पडताळता येतो. सोन्याप्रमाणे हा हॉलमार्क सक्तीचा करण्यात आला नाही. म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

फसगत झालीच तर गप्प बसू नये. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रारीचा निकाल लावावा, असे बंधन आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक 1915 आहे. पैसे घेऊन विक्रेता नाहीसाच झाला तर सायबर गुन्ह्यांसाठी 1930. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच दावा लावता येतो. विक्रेता दिल्लीत असला तरी आपल्याला दिल्ली गाठावी लागत नाही.

आमच्या त्या सभासदाची लगड आम्ही कचेरीतच चहाच्या पातेल्यात दोऱ्याने सोडली. काट्याने 11.5 दाखवले. भागाकार आला 8.7. हा जर्मन सिल्व्हरचा आकडा. तांबे, निकेल आणि जस्त यांचे हे मिश्रण. नावात चांदी आहे, अंगात कणभरही नाही. परतीची मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. मुलीची फी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून भरली आणि तक्रार आयोगापुढे गेली. तपासणीला वेळ लागला दहा मिनिटे. तीच दहा मिनिटे पार्सल आले त्या दिवशी दिली असती, तर त्याच्या बोनसचे पैसे मुदतीत परत मागता आले असते.