ताण मेंदूत उतरतो तेव्हा...

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आपल्याकडे अगदी सहज दिला जातो. ताण ही केवळ मनाची अवस्था असून ती मनानेच दूर सारता येते, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. हा समज किती अपुरा आहे, हे प्रयोगशाळेत दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील डॉ. ब्रूस मॅकएवेन (१९३८-२०२०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ताणाच्या काळात रक्तात उतरणारी संप्रेरके मेंदूपर्यंत पोहोचतात आणि त्याची रचनाच बदलतात, हे त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या संशोधनाचे सार होय.

संकटाची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो. ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना जागे करते आणि या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. रक्तातील साखर वाढते आणि शरीर संकटाशी दोन हात करण्यास सज्ज होते. संकट टळले की कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवते आणि स्राव आटोक्यात येतो.

मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी असलेले मॅकएवेन १९६४ मध्ये रॉकफेलरमधून पीएच.डी. झाले आणि १९६६ मध्ये तेथेच परतले. या संप्रेरकांचे मेंदूतील कार्य प्रामुख्याने हायपोथॅलॅमसपुरते असावे, अशी तेव्हाची धारणा होती. मॅकएवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सारी खूण जोडलेले कॉर्टिकोस्टेरॉन टोचले. उंदरांच्या शरीरात कॉर्टिसॉलचे काम हेच संप्रेरक करते. ते सर्वाधिक साठले ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडविणाऱ्या भागात. १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि ताण व स्मृती यांचा संबंध जोडणारा धागा हाती आला.

फांद्या आखडतात, पुन्हा फुटतात

पुढचा प्रश्न होता, ताण लांबला तर काय होते? १९९२ मध्ये या प्रयोगशाळेतून त्याचे उत्तर आले. रोज ६ तास याप्रमाणे २१ दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. मात्र त्या पेशी मेलेल्या नव्हत्या. ताण थांबल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात, असे पुढील प्रयोगांत आढळले.

माणसांतही याला दुजोरा मिळाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर दडपणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मेंदूची तपासणी करण्यात आली. लक्ष एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे वळविण्याची त्यांची क्षमता घटली होती. परीक्षेनंतर महिनाभराच्या विश्रांतीने हा फरक नाहीसा झाला.

अर्थात मेंदूचे सारेच भाग असे सावरत नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच केंद्र) सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये वेगळेच चित्र समोर आणले. सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधील फांद्या आखडत असताना, भीतीशी निगडित अमिग्डलामधील फांद्या उलट वाढत होत्या. विश्रांतीनंतरही त्या पूर्ववत झाल्या नाहीत. चट्टर्जी व मॅकएवेन यांनी पुढे एकत्र संशोधनही केले.

झिजेचा हिशेब

१९९३ मध्ये मॅकएवेन यांनी एलियट स्टेलर यांच्यासह ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ ही संकल्पना मांडली. परिस्थितीशी जुळवून घेताना शरीराची जी झीज साचत जाते, तिचा हा भार. ताण वारंवार येणे, त्याची सवयच न होणे, संकट सरल्यावरही यंत्रणा बंद न पडणे किंवा ती पुरेशी कामच न करणे, अशा चार वाटांनी हा भार वाढतो, असे त्यांनी १९९८ मध्ये विशद केले. रक्तदाब, पोटावरची चरबी, हृदयविकार, नैराश्य यांचा विचार त्यामुळे एका सूत्रात करता येऊ लागला.

ताणाचे संप्रेरक हे शत्रू नव्हे. क्षणभरासाठी ते रक्षकच असते. त्याला विसावा न मिळणे घातक ठरते. म्हणूनच पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि माणसांची सोबत यांवर मॅकएवेन यांचा भर असे. मात्र गरिबी, असुरक्षित वस्ती, बालपणीची उपेक्षा यांचाही भार शरीरावर पडतो, तेव्हा सारी जबाबदारी व्यक्तीवर टाकून चालणार नाही, हेही ते आग्रहाने मांडत.

‘टेन्शन घेऊ नका’ असे म्हणणाऱ्याने म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. समोरच्याचा ताण थोडा तरी हलका होईल, असे आपण काय करू शकतो?