अडीच लाखांचा फोटो

घराचा फोटो काढायला माणूस येणार म्हणून धुण्याभांड्याच्या कामाला एका बाईने दांडी मारली, हे ऐकून नवल वाटलं. म्हणून नागपूरच्या सक्करदऱ्यात बुधवारी बाजारामागच्या त्या गल्लीत गेलो. घर म्हणजे अजून लिंटलपर्यंत चढलेल्या भिंती. प्रधानमंत्री आवास योजनेत पाया, लिंटल, स्लॅब असे फोटो चढतात, तसे हप्ते सुटतात. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक. मिळून अडीच लाख. त्यात 30 चौरस मीटरचं घर.

फोटो काढायला आलेला कंत्राटी पोरगा मोबाइल धरून उभा. गल्ली इतकी चिंचोळी की भिंत, चौकट आणि काकू एका फोटोत मावेनात. मोबाइलवरचं लोकेशन कधी शेजाऱ्याच्या गच्चीवर, कधी नालीपलीकडे. "काकू, हलू नका बरं, आता धरून राह्यलं." काकूंनी सिमेंटचे हात लुगड्याला पुसून डोक्यावर पदर घेतला, पण नजर मिस्त्रीवरच. तो नुकताच बोलून गेला होता, "अडीच लाखात सांगाडा होते बाई, घर नाही होत."

तरी पैशाचं दुखणं निदान सांगता येतं. खरी दमछाक कागदाची. जमीन स्वतःची हवी, आणि नागपुरात नुसत्या रजिस्ट्रीवर भागत नाही. नागपूर सुधार प्रन्यासचं 'आरएल', म्हणजे नियमितीकरणाचं पत्र लागतं. अनधिकृत ले-आऊटचे 572 आणि 1900 हे आकडे इथे पानठेलेवाल्यालाही पाठ. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने वाट काढली, 2021 मध्ये ती 2020 अखेरपर्यंतच्या प्लॉटांना खुली झाली. अर्ज, मोजणी, डिमांड नोट, मग आरएल. काकूंची फाइल विटेएवढी जाड झाली तेव्हा कुठे पहिली वीट बसली.

राहायच्या जागेसाठी इतरांना कुठे ना कुठे आधार सापडला. मुंबईत पारशांना दात्यांच्या बागा, म्हणजे वसाहती मिळाल्या. मशीद बंदराजवळच्या इस्रायल मोहल्ल्यातली बेने इस्रायली कुटुंबं कोणी इस्रायलला गेली, कोणी ठाण्याला. सक्करदऱ्यातल्या गरिबाला ना दाता, ना ठाणं. दिघोरी, खरबी, त्याच्याही पुढे सरकत राहायचं, आणि कामाची घरं मात्र इकडेच! म्हणून या बाईने इथला तुकडा सोडला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मग अडीच लाख कितीही तोकडे असोत.

फोटो चढला. पोरगा पुढच्या घराकडे निघाला.

"स्लॅब आता टाकू का हप्ता आल्यावर?" काकूंनी विचारलं.

"सेंट्रिंगवाला उधारी नाही करत," मिस्त्री म्हणाला.

काकूंनी बचत गटाच्या ताईंना फोन लावला.