पापण्यांचा भाव

डॅलसला भाचीकडे गेलो होतो. ती पापण्यांना खोटे केस चिकटवते. एकेका केसाला एकेक, चिमट्याने, दोन-दोन तास मान मोडून! परवान्यासाठी टेक्सासात ३२० तासांचं शिक्षण. मिनेसोटात मात्र ३८ तासांत भागतं.

"पगार किती गं?" मी आपलं विचारलं.

पगार कुठला? कमिशन. गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर कायद्याचं किमान वेतन : तासाला सव्वासात डॉलर. २००९ पासून तेवढंच. खुर्ची भाड्याने घेतलेलीला तर तेही नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये हाच आकडा १६.६६ होता, वर बक्षिसी वेगळी.

"मग जा की तिकडे!"

"मामा, बारा वर्षांची गिऱ्हाइकं इथली. ती कशी नेऊ?"