देवमाशांच्या मागावरील संसार

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्डहून देवमाशांच्या शिकारीस निघालेले शिडाचे जहाज तीन-चार वर्षे परतत नसे. त्यामुळे काही कप्तानांच्या पत्नी जहाजावरच संसार थाटीत. तेथेच लहान मुले वाढत. पण सोबत असूनही विरह चुकत नसे. देवमासा दिसताच खलाशी लहान होड्यांतून पाठलागास जात. कप्तान स्वतः गेला, तर पत्नी जहाज सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांसह कठड्याशी उभी राहून वाट पाही. उत्तरेच्या थंड समुद्रातील मोहिमांच्या वेळी तर कित्येकींना हवाई बेटांवरच ठेवले जाई. ‘टायगर’च्या कप्तानाची पत्नी मेरी ब्रूस्टर १८४६ मध्ये अशीच मागे राहिली. पुढे १८४९ मध्ये मात्र ती पतीबरोबर बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून गेली; तिची रोजनिशी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहे.